आईला न लागलेली चव

लातूरला क्लासेसच्या गल्लीत माझं कॉफीचं छोटं दुकान आहे. पोरं बर्फाची, चॉकलेट घातलेली गोड कॉफी मागतात, तीच मी करते. पण सकाळी शटर अर्धं वर करून मी स्वतःसाठी एक काळी कॉफी गाळते. ती कशी लागली हे बोलायला या गावात मला कुणी नाही.

बेंगळुरूच्या कॉफी स्पर्धेत नाव घातलं तेव्हा हे फार जाणवायला लागलं. तिथे परीक्षकांसमोर कॉफी गाळायची आणि ती कशी लागेल हे आधी तोंडाने सांगायचं. सांगितलेली चव त्यांच्या जिभेला लागली तरच गुण. मी चिकमगळूरच्या एका मळ्यातल्या बिया घेतल्या होत्या, फळासकट उन्हात वाळवलेल्या. त्यांच्या कॉफीत मला वाळलेल्या बोराची चव लागायची. पण ती खरंच लागते की मला भास होतो, हे कोण सांगणार? रिकाम्या खुर्च्यांसमोर कॉफी ठेवून मी बोलत बसायचे.

शेवटी नांदेडहून आईला बोलावलं. वडील गेल्यापासून ती तिथे एकटीच राहते. एसटीने आली, खुर्चीत ताठ बसली. म्हणाली, "कॉफीची बी परीक्षा आसती का गं माय?"

मी तिला दोन कप दिले. एक नीट जमलेला. दुसरा मुद्दाम बिघडवलेला, कडू जहर. फरक कळतो का, ते पाहायचं होतं. तिने दोन्ही कप शांतपणे जवळजवळ संपवले. कपाळावर एक आठी नाही.

"कोणता चांगला?"

"दोन्ही चांगलेच हायेत. तुझ्या हातचं काय वाईट आसंल?"

मी दुसऱ्या कपातला उरलेला घोट घेतला आणि बेसिनमध्ये थुंकले. "आई, हे पिववत नाही. तुला कडू लागलं नाही?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "त्या मोठ्या तापापासून मला चवच न्हाई. वासबी न्हाई. गरम, गार तेवढं कळतंय."

त्या तापाला दोन वर्षं होऊन गेली होती. मधल्या काळात मी किती वेळा जाऊन तिच्या हातचं जेवले होते. "सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय, तू तिकडं येऊन चव आणून देणार व्हतीस का? अंदाजानं करते मी सगळं."

डॉक्टरांना दाखवलं. वाट पाहा, म्हणाले.

स्पर्धेला मी एकटीच गेले. टेबलाशी बसलेल्या परीक्षकांना माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की यात उन्हात वाळलेलं बोर लागेल, शेवटी थोडा गूळ. दोघांचे चेहरे कोरे राहिले. तिसऱ्या बाई उत्तरेकडच्या असाव्यात, बोरं खाऊन वाढलेल्या. त्यांनी घोट घेतला, थांबल्या, पुन्हा घेतला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. इतके महिने मी ज्याची वाट पाहत होते ते एवढंच होतं. मला रडूच आलं, पण केटली हातात होती.

दुसरा नंबर आला. बाकीच्यांना त्यांच्या माणसांनी घेरलं होतं, फोटो चालले होते. त्या बाईंना शोधलं, तर त्या विमानासाठी निघून गेल्या होत्या. बक्षीस पिशवीत घालून मी स्टँडवर आले आणि लातूरऐवजी नांदेडची गाडी धरली.

घरी पोचल्यावर आईला तीच कॉफी करून दिली. तिने कप दोन्ही हातांत धरला. "त्या परीक्षा घेणाऱ्यायला जे सांगितलंस ते मला सांग. आपल्या भाषेत सांग."

मी सांगितलं. शेताच्या बांधावरची बोरं, गच्चीवर पसरलेली, दुपारच्या उन्हात सुरकुतलेली. आधी जीभ आवळते, मग गोड वाटतं. ती डोळे मिटून पीत होती.

"हाव," ती म्हणाली. "तशीच हाय."

तिला खरंच काही लागलं की माझ्यासाठी म्हणाली, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर स्पर्धेत उतरले नाही. दुकान सोमवारी बंद असतं, त्या दिवशी नांदेडला जाते. आई आता लपवत नाही. वरणाचा चमचा माझ्यापुढे धरते आणि विचारते, "मीठ बघ." मी सांगते, थोडं कमी आहे. तिखट बरोबर आहे. कारळाची चटणी जरा करपली आहे. ती ऐकते, त्याप्रमाणे हात चालवते. मग आम्ही जेवतो. ती काय जेवते ते मला कळत नाही. मी मात्र जेवता जेवता सांगत राहते, संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत.