घरमालक काकांची बसलेली गाडी

बंद पडलेल्या गाडीला एकही शिवी न देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझे अमेरिकेतल्या ॲन आर्बरचे घरमालक काका. ह्या विधानाला वजन आहे, कारण बंद गाड्यांच्या बाबतीत माझा अनुभव दांडगा. परभणीला माझ्या वडिलांचा टेम्पो होता. होता म्हणजे बहुतेक वेळा दारात उभा होता. तो चालला की घरात भाजी शिजायची, उभा राहिला की भाकरीबरोबर ठेचा. सकाळी आई, मी आणि धाकटी बहीण मागून धक्का द्यायचो आणि वडील स्टिअरिंगवर बसून टेम्पोचा, तो विकणाऱ्याचा आणि शेवटी आमचाही उद्धार करायचे. असे धक्के देत देतच मी शिकले. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली, आणि हे मी भेटेल त्याला सांगते. त्यात लाजायचं काय? वरची खोली बघायला आले तेव्हा काकांनाही सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "छान. आमच्याकडे आजोबांपासून सगळे ग्रॅज्युएट. मी सोडून एकालाही गळका नळ दुरुस्त करता आला नाही. तुला येतो?" मला येत होता. त्या दिवसापासून मी 'ग्रॅज्युएट' झाले. माझं नाव त्यांना ठाऊक असावं, पण त्यांनी ते वापरलेलं मला आठवत नाही.

काका मूळचे पुण्याचे, मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर म्हणून हयात घालवलेले. जगातली कुठलीही अडचण त्यांच्या लेखी मशीनमधला बिघाड असायची. मला ताप आला तर आल्याचा चहा घेऊन जिना चढायचे, पण कप हातात देण्याआधी चौकशी. "अचानक चढला की हळूहळू? आवाज येतोय का काही? बरं, त्याआधी शेवटचं काय घातलंस पोटात?" कुकरची शिट्टी होईना तर गॅस बंद करू द्यायचे नाहीत, डोळे मिटून, मान तिरकी करून वाफ कुठून पळतेय ते ऐकत उभे. त्यांची मुलगी दूर दुसऱ्या राज्यात, श्रूजबरीला असते. ती एकदा फोनवर रडायला लागली, तर ह्यांनी शांतपणे विचारलं, "सतत रडू येतंय की अधूनमधून?" ती रडता रडता हसली. हीच त्यांची दुरुस्ती. त्यांची गाडी म्हातारी, कधीकाळी मरून रंगाची असावी. थंडीत तिच्या बॉनेटवर ते सोलापुरी चादर घालायचे आणि सकाळी बर्फ झटकून तिची घडी करायचे. गाडी बंद पडली असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. "बसलीये म्हण. दमलं की माणूस बसत नाही? मग उठतोही."

ह्या गाडीला एकच काम होतं. रोज दुपारी वरणभाताचा डबा घेऊन काकांना गावाच्या दुसऱ्या टोकाला, काकूंकडे पोचवायचं. काकू 'मेमरी केअर'मध्ये असतात. जिथे विसरलेल्यांना ठेवतात त्या जागेला नाव मात्र आठवणींचं. काकूंचं बाकी सगळं पुसलं होतं, किल्ल्या तेवढ्या राहिल्या होत्या. काका दारात दिसले की त्या विचारायच्या, "किल्ल्या आणल्यात?" मग काकांनी जुडगा पुढे करायचा आणि काकूंनी एकेक किल्ली बोटांनी चाचपायची. ही फडताळाची, ही शिलाई मशीनच्या खणाची, ही माळ्यावरच्या ट्रंकेची. त्यातलं एकही कुलूप आता ह्या जगात नाही. पण हजेरी पूर्ण झाली की त्या निवांत जेवायच्या. एकदा काका जुडगा घरी विसरले, तर काकूंनी दिवसभर घास घेतला नाही आणि लहान मुलीसारख्या हुंदके देत राहिल्या. काकांनी त्याच संध्याकाळी इंजिनीअरला शोभेल असा बंदोबस्त केला. अख्खा जुडगा गाडीच्या किल्लीलाच अडकवून टाकला. "आता विसरून दाखव म्हणावं! किल्ल्यांशिवाय गाडीच हलणार नाही."

आणि जानेवारीत गाडी खरंच हलेना. किल्ली फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लुकलुकून मरायचे, इंजिन हूं की चूं नाही. काका बस बदलून बर्फातून जायला लागले. पोचेपर्यंत डबा गार, आणि काकू वाट बघून उपाशीच झोपलेल्या. मी म्हटलं, "काका, टॅक्सी बोलावते." तर म्हणाले, "घरात पेशंट सोडून मी टॅक्सीतून हिंडू?" बसस्टॉपवर ते घसरून पडल्यावर मुलीने निर्वाणीचं सांगितलं, "बाबा, इनफ. ती गाडी भंगारात द्या आणि इकडे या. आईला नंतर शिफ्ट करू." फोन ठेवून काका म्हणाले, "ह्या 'नंतर'ला तारीख नसते, ग्रॅज्युएट."

रविवारी आम्ही दोघं गाडीपाशी उभे राहिलो. मी ग्लोव्हज घालून किल्ली फिरवायची, त्यांनी ऐकायचं. बॅटरी तपासली, ठणठणीत. टर्मिनल घासली. स्टार्टरला परस्पर वायर लावून बघितली, तो तत्काळ गुरगुरला. मग काका स्पार्क प्लग काढायला बसले.

"काका, किल्लीने इंजिनच फिरत नाही, मग प्लग कशाला काढताय?"

"मधे बोलू नकोस."

"आता फक्त किल्लीचा स्विच राहिला."

"त्याला काय धाड भरलीये!"

किल्ली फिरवलेलीच ठेवून मी मुद्दाम खाली लोंबणारा जुडगा तळहातावर उचलून धरला. डॅशबोर्ड लख्ख उजळला. सोडला, विझला. पुन्हा उचलला, पुन्हा उजळला. एवढं वजन रोज लोंबकळून स्विच आतून झिजला होता. मी विजयाने मान वर केली आणि काकांचा चेहरा बघून जुडगा हळूच खाली सोडला.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं गं," ते म्हणाले.

"मग?"

ते प्लग फडक्याने पुसत राहिले. पुसलेलाच पुन्हा पुसला.

"वेगळा ठेवला की मी विसरणार. हल्ली विसरतो मी."

"मग काकूंकडेच देऊन टाका ना. त्यांच्याच आहेत."

"दिल्या असत्या." प्लग जागेवर बसवत म्हणाले, "पण किल्ल्या तिच्याकडेच राहिल्या, तर ती माझी वाट कशाला बघेल?"

परभणीत आम्ही अशा वेळी गाडीला धक्का द्यायचो. इथे धक्का कुणाला द्यायचा?

काकांनीच शेवटी कडं उघडलं. बोटं थंडीने आखडलेली, नख तुटलं, पण मला हात लावू दिला नाही. एकटी किल्ली फिरवली, जरा हलवली, आणि गाडी खोकत खोकत उठली. ते आनंदले नाहीत. "झालं," एवढंच म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी जुडगा नाडीत ओवून काकूंच्या कमरेला बांधला. दुसऱ्या दिवशी त्यांना एकट्याला जाववेना, म्हणून मीही रजा टाकून गेले. काकू खिडकीपाशी बसल्या होत्या, हात किल्ल्यांवर. आम्ही दारात आलो तरी "किल्ल्या आणल्यात?" आलं नाही. त्यांनी काकांकडे पाहिलं, परक्या माणसाकडे बघावं तसं, आणि पदर सारखा करत म्हणाल्या, "या, बसा. हे येतीलच एवढ्यात. त्यांच्याशिवाय मी जेवत नाही."

काकांनी डबा टेबलावर ठेवला. टोपी काढली. "थांबतो मी," म्हणाले, "मला काही घाई नाही." आणि पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले. थोड्या वेळाने त्यांनी हळूच डबा उघडला, आणि वरणाच्या वासावर काकूंनी पहिला घास घेतला.

स्विच पुढे बदलला. काका श्रूजबरीला गेले नाहीत. गाडी आता रोज सुरू होते, आणि काका जेवणाच्या वेळेला पोचतात.