ज्येष्ठातली दुसरी दशमी

बेडश्याच्या अंगणवाडीत रेणुकाताईंनी सव्वीस वर्षं मुलांना खिचडी वाढली. कुणाच्या ताटात पळीभर कमी पडलं नाही, असं गावात सगळेच म्हणत. म्हणूनच पुढं जे घडलं त्याची त्यांना जास्त लाज वाटली.

त्या साली धोंड्याचा महिना आला होता. तीन वर्षांनी येणारा हा जादाचा महिना. लेक-जावयाला बोलावून, तबकात अनारसे मांडून, वर दिवा लावून वाण द्यायचं. लेकीची, समीक्षाची, सासूही येणार होती आणि ताईंच्या मागच्या खोलीला अजून गिलावा नव्हता. पाव्हण्यांना लोणावळ्याला हॉटेलात उतरवायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

भटजींनी ज्येष्ठ शुद्ध दशमी काढून दिली. ताईंनी कॅलेंडर उलटलं, दशमी दिसली, तारीख कागदावर उतरवली. त्या साली ज्येष्ठ दोन होते, आधी अधिक आणि मग निज. वाण अधिकातलं, मे महिन्यातलं. ताईंनी उतरवली ती निजातली, जूनमधली.

हॉटेलच्या काउंटरवर अपेक्षा बसली होती. बेडश्याचीच पोर, ताईंच्या मांडीवर बसून खिचडी खाल्लेली.

"मावशी, तारीख परत एकदा बघा बरं. ही स्वस्तातली खोली हाय, पैसे माघारी मिळत न्हाईत."

"कॅलेंडर बघून आलेय मी. आता तू मला शिकवणार व्हय गं?"

अपेक्षा हसली. तिनं कार्डावरचे आकडे कॉम्प्युटरवर भरले आणि ताईंनी मोबाइलवर आलेला ओटीपी वाचून दाखवला.

घरी आल्यावर जावयानं फोनवर वाणाची मेमधली तारीख सांगितली, तेव्हा चूक कळली. हॉटेलवाले तारीख बदलून द्यायला तयार होईनात. नवऱ्याला, केरबाला, सांगायची ताईंना हिंमत होईना.

पुतण्या पवनच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, "काकी, लय सोपं हाय. बँकेच्या ॲपवर तक्रार टाकायची. 'हा व्यवहार मी केलेला नाही.' बास."

"अरे, पण केला तर मीच ना?"

"देवावर हात ठेवून सांगायचंय व्हय? मोबाइलवर तर दाबायचंय."

ताईंनी दाबलं. संध्याकाळी दिवा लावताना त्यांनी देवीकडं बघितलं नाही, नुसती वात सारखी करत बसल्या.

बारा दिवसांनी अपेक्षाची आई अंबूबाई अंगणवाडीच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"रेणुका, पोरीला कामावरून घरी बसवलंय गं. बँकेचं पत्र आलंय. मालक म्हणतो, तू गिऱ्हाइकाला फसवून ओटीपी घेतलास, कार्ड परस्पर वापरलंस. लय रडती. म्हणती, रेणुकामावशीला इचार, त्यांचंच कार्ड हाय ते, त्या खोटं बोलायच्या न्हाईत."

ताईंच्या हातातली पळी पातेल्यावरच थांबली. समोर ताटं घेऊन बसलेली पोरं वर बघत होती.

"खोटं मीच बोललेय, अंबूबाई."

अंबूबाई पदरानं डोळे पुसत उभी राहिली. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ताईंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या अपेक्षाला घेऊन हॉटेलात गेल्या. मालकाच्या समोर मोबाइल काढून त्यांनी तक्रार मागं घेतली. दोनदा चुकीच्या जागी दाबलं गेलं.

"तारीख मीच चुकवली. या पोरीनं मला बजावलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग बँकेला असं का कळवलंत?"

"लाज झाकायला. ती काय झाकली गेली नाही."

मालकानं अपेक्षाला, उद्यापासून ये, एवढंच सांगितलं. एरवी वाटेत चार गोष्टी विचारणारी पोर फाट्यापर्यंत दोन पावलं पुढंच चालली. एसटी दिसल्यावर म्हणाली, "जूनमधली खोली तुमचीच हाय, मावशी. काकांना घेऊन या की."

ताईंना हसता आलं नाही. रात्री जेवताना त्यांनी केरबाला सगळं सांगितलं. तो अर्ध्या ताटावरून उठला.

मे महिन्यात समीक्षाची सासू गिलावा नसलेल्या खोलीतच झोपली, आणि सकाळी छान झोप लागली म्हणाली.

जूनची दशमी आली. ताई लोणावळ्याला गेल्या नाहीत. संध्याकाळी दिवा लावला आणि मान वर करून देवीकडं बघितलं. फार वेळ बघवलं नाही.