मानशीवरचं गाऱ्हाणं

चौथीतून शाळा सोडली आणि पुढे नदीवर आलो. सिंधुदुर्गात आमच्या गावचा व्हाळ, म्हणजे ओढा, पावसापुरता. इथली डिचोलीची नदी भरती-ओहोटीची, आणि तेव्हा तिच्यावर बार्जी चालायच्या. धक्क्यावर खनिज भरायचं, खाली बंदरात मोठ्या जहाजाला द्यायचं, रिकामी बार्ज घेऊन परत. खलाशी म्हणून चढलो, तांडेल होऊन उतरलो. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो.

त्याचीच सुनेला धास्ती होती.

सून शिकलेली. मोपाच्या विमानतळावर तिला काउंटरची नोकरी मिळत होती, ती तिने घेतली नाही. लोकांना नदीकाठाने फिरवून जुने धक्के, बार्जी दाखवायच्या, असं तिने मनात घेतलं. मी म्हटलं, नदी समोर आहे, ती बघायला वाटाड्या कशाला? मुलगाही कुरकुरला. शेवटी ठरलं की हा हिवाळा बघायचं. लोक आले तर ठीक, नाहीतर विमानतळ. पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी तिने मला आणि तिच्या आईला समोर बसवलं. दोघांनी यायचं, पण तोंड उघडायचं नाही, म्हणाली. ‘‘तुमचं दोघांचं चार लोकांत सुरू झालं तर माझं पहिल्याच दिवशी संपलं.’’

तिची आई म्हणजे माझी विहीण. तिचं शेत आमच्या धक्क्याला लागून, बांधापलीकडे. धक्क्यावर सांडलेली माती पावसात तिच्या शेतात उतरायची, आणि वर्षं गेली तसा लाल गाळ घट्ट बसला. भात येईना. ते खाणवाल्यांनी बघायचं, मी बार्ज चालवणारा माणूस, असं माझं म्हणणं. तिचं म्हणणं वेगळं. लग्नाच्या पंगतीत मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, तर तिने आधी आत वाकून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, ‘‘व्याही, तांबडा नाय मा?’’ मांडव हसला. मी हसलो नाही. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं, तेही सुनेच्या मार्फत.

रविवारी सकाळी पुलापाशी दहा-बारा लोक जमले. पणजीचे काही, हरमलला खोल्या घेऊन राहिलेलं एक जोडपं, डोक्यावर टोप्या. सून पुढे, मी मधे, विहीण सगळ्यांच्या मागे. माझ्या पिशवीत पाववाल्या पोदेराकडचे ताजे गोल उंडे आणि विडीचं बंडल होतं. कशाला ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

सुनेने बरं सांगितलं. खनिज चढवणारे पट्टे येण्याआधी बायका डोक्यावर पाट्या घेऊन फळीवरून चढायच्या, तेही सांगितलं. गाळात रुतलेली बार्ज आली तेव्हा लोकांनी फोटो काढले. गंजून तिला भोकं पडली होती, आतून झाड वर आलं होतं आणि त्यावर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. मी अशीच एक चालवलेली, पण बोललो नाही.

मग सून म्हणाली, या नदीने डिचोलीत कितीतरी घरं उभी केली.

मागून आवाज आला, ‘‘आणि शेतां पुरली.’’

मीही मागे न बघता म्हटलं, ‘‘घरात लेक दिली तेव्हा बरी दिसली घरां.’’

लोक वळले. टोपीवाल्या बाईने विचारलं, या कोण? सून काही सांगायला गेली आणि तिला पुढचं आठवेना. हातातला कागद बघितला, तरी जमेना. तिचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. मला वाईट वाटलं, पण सुरुवात मी केली नव्हती. सूनच हळूच म्हणाली, चला पुढे, आणि सगळे चालू लागले.

पुढे धक्का संपतो तिथे बांध आहे आणि बांधात मानस. मानस म्हणजे भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून केलेलं लाकडी दार. शेजारी आंब्याखाली राखणदाराचा दगड. बार्ज सुटायच्या आधी आम्ही तिथे उंडो, विडी ठेवायचो, कधी घोटभर सोरो, म्हणजे दारू. आमच्या धक्क्याचा राखणदार तो. सुनेचं काम मार्गी लागू दे, एवढं मागायला मी आलो होतो. लोक मानशीचं दार बघत होते तेवढ्यात मी दगडापाशी गेलो, तर विहीण आधीच वाकलेली. पदराखालून तिने तांदळाचा जाड रोट काढला होता.

मी म्हटलं, ‘‘हो राखणदार आमच्या धक्क्याचो.’’

‘‘धक्को कधीचो, व्याही? बांध माझ्या सासऱ्याच्या आज्याचो.’’

मला खरंच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं आम्ही बार्जीसाठी मागत होतो आणि बांधापलीकडची माणसं शेतासाठी, त्याच दगडाकडे. तिलाही ठाऊक नव्हतं बहुतेक. सकाळी उंडो दिसायचा तो पोरं ठेवतात असं वाटायचं, म्हणाली.

लोक भोवती आले. आता पुन्हा भांडण, असं सुनेच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण तिनेच धीर केला. म्हणाली, ‘‘बाबा, गाऱ्हाणं घाला.’’ मग लोकांना समजावलं की एकाने देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा, व्हय म्हाराजा. विहीण माझ्याकडे न बघता म्हणाली, की घरधनी गेल्यापासून रोट ठेवते, पण गाऱ्हाणं घालायला कोणी नाही. मुका रोट ठेवते.

मी पुढे झालो. चपला काढल्या, उंडे तिच्या रोटाशेजारी ठेवले, विडी पेटवून दगडावर ठेवली.

‘‘बा म्हाराजा, मानशीच्या राखणदारा, आज ह्या लेकरान नवीन काम हातात घेतलानी हा...’’

‘‘व्हय म्हाराजा.’’ आधी दोघी-तिघांचेच आवाज आले.

‘‘तिका यश दी, तिच्या वांगडा इलेल्या माणसांक सुखरूप घराक पोचय...’’

या वेळी सगळे म्हणाले. टोपीवाल्या बाईने टोपी काढली होती. मी आटोपणार, तोच बाजूने हळू आवाज आला, ‘‘शेताचा पण घाला.’’

मी थांबलो. गाऱ्हाणं घालणारा आपल्या शब्दाला बांधला जातो, असं आमचे म्हातारे सांगायचे. लोक वाट बघत उभे. सून जमिनीकडे बघत होती.

‘‘आणि बा म्हाराजा, आमच्या धक्क्यावरची माती विहीणबाईच्या शेतात गेली. तो गाळ निघाक होयो. थंय परत भात पिकाक होया...’’

विहिणीचा ‘व्हय म्हाराजा’ सगळ्यांच्या आधी आला आणि मोठ्याने आला.

फेरीचा शेवटचा टप्पा राहूनच गेला. बांधावर बसून सगळ्यांनी रोट-उंडे वाटून खाल्ले, आणि सुनेला विसरलेलं सगळं तिथे बसल्यावर आठवलं. पुढल्या रविवारी लोक वाढले. दर फेरीला गाऱ्हाणं घाला, असं एकाने सुचवलं. मी सुनेला सांगितलं, देव काही तमाशाला बसलेला नाही. तिने पुन्हा विषय काढला नाही. लोकांना दगडापाशी नेते, सांगते आणि पुढे जाते. विमानतळाचं नाव सध्या घरात निघत नाही.

मी मात्र सकाळी खोरं घेऊन बांधापलीकडे जातो. वरचा थर खरवडायचा, बांधावर टाकायचा. थोडंच झालं आहे. खोरं मी वल्ह्यासारखं धरतो, असं विहीण म्हणते, आणि मी तिला म्हणतो, बार्जीला वल्हं नसतं. उन्हं चढली की ती पाण्याचा तांब्या आणते. परवा मी आत वाकून बघितलं आणि विचारलं, ‘‘तांबडा नाय मा?’’

‘‘बघूनच पिया,’’ म्हणाली. ‘‘गाळ अजून सरलेलो नाय.’’