रॉबिनसाहेबांचा फाटका कोट

चहा गाळताय तोवर सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही. चाळीस वर्षं मशीनवर बसलोय, पण एवढी लाज कुठल्या कपड्यानं आणली नव्हती.

इथं कतारमध्ये, उम्म सलाल मोहम्मद गावात आमचं शिलाईचं दुकान आहे. तिथं एक इंग्रज मास्तर आले, रॉबिनसाहेब. शाळेत गाणं-बजावणं शिकवतात. हातात काळा कोट. दुकानात इंग्रजी एकट्या आमच्या दत्तूला येतं. त्यानं मापं घेतली आणि मला म्हणाला, "तात्या, पाठीत दोन इंच सोडून सैल करायचा. शुक्रवारी हवाय. बाकी कशाला हात लावू नका, म्हणतात."

कोट उलगडला आणि माझा जीव तुटला. बाही खांद्यापाशी फाटलेली, खिसा लोंबतोय, जागोजागी सेफ्टी पिना. म्हटलं, परक्या देशात एकटा माणूस, कोण शिवून देणार? संकोचानं 'हात लावू नका' म्हणाला असेल बिचारा.

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून रफू केलं. बाही जोडली, खिसा बसवला, पिना काढून डबीत ठेवल्या. वर कडक इस्त्री. नवरदेवानं घालावा असा कोट झाला.

शुक्रवारी साहेबांनी तो पाहिला आणि खुर्चीवर बसलेच. मग दत्तूशी हळू काहीतरी बोलले.

"काय म्हणतात रे?"

"काय करून बसलात तात्या! तरुणपणी ह्यांचा चार मित्रांचा बँड होता. न्यू वेव्ह म्हणून जुनी गाणी होती, त्यांच्या नादानं काढलेला. दीड वर्षात खलास. साहेब हा कोट घालून गायचे. पहिल्याच कार्यक्रमात फाटला, तेव्हा ड्रमवाल्यानं पिना लावल्या. तो आता नाही. उरलेले तिघं आज समैस्म्याला, त्या समुद्रकाठच्या गावात, त्याच्या आठवणीसाठी वाजवणार आहेत."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"साहेबांना सांग, तासाभरात होता तसा करून देतो."

"फाटका?"

"फाटका."

तुम्ही कधी चांगला कपडा मुद्दाम बिघडवलाय? हात चालेना. रफूचा एकेक टाका उसवला. पिना साहेबांनी स्वतः लावल्या. कुठली कुठं, सगळं त्यांना पाठ होतं. मी मान वर केली नाही.

कोट अंगात घालून ते आरशापुढं उभे राहिले. बाहीची फाटकी कड बोटानं चाचपली, आणि हसायलाच लागले. डोळ्यांत पाणी, तरी हसतायत. दत्तूनं वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"तात्या, अहो फाटलेल्या जागेला दुमड घालून शिलाई मारलीत?"

"दोरे निघत होते रे," मी म्हणालो.