दादाचा बंद लॅपटॉप

अरुणदादा, माझा चुलतभाऊ, गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यासाठीच पोहे बांधून घेत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, आता नका आणू…" आदल्या दिवशी दवाखान्यात, अंगाला लावलेल्या वायरींकडे बघत तो आमच्याकडच्या हिंदी वळणाने, भावाला म्हणतात तसं, मला म्हणाला होता, "भिया, एकदा मला काढून परत लावून बघ ना." मी हसलो. दुसरं काय करणार होतो?

'काढून परत लाव' हा त्याचा रामबाण उपाय. राऊ गावातल्या एका कॉलेजात तो कॉम्प्युटर हार्डवेअर शिकवायचा. मशीन बंद पडलं की रॅम बाहेर काढायची, तिची सोनेरी कड खोडरबराने घासायची, परत बसवायची. बहुतेकदा तेवढ्यावर भागायचं. अख्ख्या डब्याला कुणी सीपीयू म्हटलं की मात्र त्याचं डोकं फिरायचं. आम्हाला तो ओट्याजवळ उभं करून शिकवायचा… रॅम म्हणजे ओटा, हार्ड डिस्क म्हणजे कोठी आणि प्रोसेसर म्हणजे तुमची वहिनी. वीज गेली की ओटा साफ, कोठीतलं शाबूत. यावर वहिनी म्हणायच्या, वीज गेली तरी माझा ओटा कुणी साफ करत नाही.

फ्लॉपी गेली, खरखरणारी हार्ड डिस्क गेली, नखाएवढ्या चिपमध्ये सगळं मावू लागलं. प्रत्येक नव्या वस्तूवर तो खूश असायचा. फक्त शेवटचा पातळ लॅपटॉप उघडल्यावर त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. सगळं एकाच बोर्डावर डाख देऊन बसवलेलं. "भिया, यात काढण्यासारखं कुछ छोड़ाच नी," तो म्हणाला.

आजारपणात त्याने त्याच लॅपटॉपवर कॉलेजातल्या मुलांसाठी धडे बोलून ठेवले. प्रत्येक गोष्टीची एक कॉपी वेगळी ठेवा, असं जगाला सांगणाऱ्याने स्वतःची ठेवली नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण… तेराव्यानंतर वहिनींना त्याचा आवाज ऐकायचा होता आणि लॅपटॉप सुरूच होईना. पोलोग्राउंडजवळच्या दुकानदाराने उघडून मान हलवली. बोर्ड जळालाय, आवाज त्याच बोर्डावर होता, जुनं मशीन असतं तर डिस्क काढून दिली असती, म्हणाला. मला इतका राग आला, पण कुणावर काढणार?

वहिनींना मी सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. तरी रोज सकाळी देवापाशी दिवा लावला की त्या लॅपटॉपला चार्जर लावतात. परवा मी प्लग काढायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू द्या, भाऊजी. बॅटरी पूर्ण उतरू देऊ नये, म्हणायचे ते. आणि बघा ना, हिरवा दिवा लागतोय."

तो दिवा चार्जरचा आहे. भिंतीतून वीज येतेय, एवढंच तो सांगतो… हे मी त्यांना कसं सांगू?