बाबांचा रजेचा अर्ज

बाबांच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेस मशीनमध्ये गेली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना काळजी कसली, तर रजेच्या अर्जाची. सव्वीस वर्षं त्या कारखान्यात पत्रा दाबला, पण अर्ज दिल्याशिवाय हा माणूस एक दिवस घरी बसला नाही. हॉस्पिटलच्या खाटेवर गुंगीतही तेच चाललं होतं, "बेटा, अर्जी देऊन दे. नाहीतर साहेब म्हणतील, बिना बताए बसला."

मी सरकारी शाळेत हिंदी शिकवते. अर्जात नम्रता हवी, तक्रार नको, चूक आपल्याकडे घ्यावी, शेवटी क्षमा मागावी, हे मी मुलांकडून घोकून घेते. मला हे बाबांनीच शिकवलं. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नाही; चौथीत असताना माझा पहिला अर्ज त्यांनी तोंडी सांगून लिहून घेतला होता.

खरं काय घडलं ते मला ठाऊक होतं. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला असलेली लोखंडी जाळी सुपरवायझरने महिनाभर आधीच काढायला लावली होती; जाळीशिवाय माल भराभर निघतो. पण हे लिहिलं तर साहेब दुखावतील, बाबांना परत कामावर घेणार नाहीत, असं मला वाटलं. म्हणून मी लिहिलं की जाळी बाबांनी स्वतःच काढली होती, त्यांना क्षमा व्हावी. अक्षर सुरेख आलं होतं. तोवर बाबांचा डोळा लागला होता. मी त्यांच्या डाव्या अंगठ्याला शाई लावली, कागदावर टेकवला आणि अर्ज नेऊन दिला. वाचून दाखवला नाही. इतकी शहाणी मी.

कारखान्याने त्यांना परत घेतलं नाही ते नाहीच, भरपाईलाही नकार दिला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं जन्मभर म्हणणारे बाबा मग माझ्या मागोमाग सियागंज बाजारात हार्डवेअरच्या दुकानावरचा एक जिना चढले. वकील भला होता. त्याने पाण्याचा ग्लास न बोलता बाबांच्या डाव्या हाताशी ठेवला. त्याने पाठवलेल्या नोटिशीला कारखान्याकडून आलेल्या उत्तरासोबत माझ्या अर्जाची झेरॉक्स होती. ती वाचून त्याने विचारलं, "काकाजी, ये किसने लिखा?"

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, कामगाराचा साधा निष्काळजीपणा कायदा पोटात घालतो, पण सुरक्षेची जाळी त्याने जाणूनबुजून काढली असेल तर दावा बुडतो. वाट एकच. अर्ज आपल्याला वाचून दाखवला नव्हता, असं काकाजींनी कोर्टात सांगायचं, आणि मग मी साक्ष द्यायची. मात्र शिक्षिकेने झोपलेल्या बापाचा अंगठा घेतला म्हणून समोरचा वकील मला सोलून काढेल, कदाचित नोकरीवरही गदा येईल. मी म्हटलं, येऊ दे. बाबांनी डाव्या हाताने ती झेरॉक्स उलटी करून ठेवली. त्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

कामगार न्यायालयात समोरच्या वकिलाने कागद बाबांपुढे धरला आणि विचारलं, ही अर्जी तुम्हाला वाचून दाखवली होती का?

"हाँ जी," बाबा म्हणाले. "दो बार. मेरी बेटी टीचर है."

आमच्या वकिलाने पेन खाली ठेवलं. नंतर त्याने हळू आवाजात मला विचारलं, की आता साक्षीला उभं राहून तुम्ही काय म्हणणार, बाप खोटं बोलला? मला ते म्हणता आलं नाही. मी साक्ष दिलीच नाही. तो भित्रेपणा होता, दुसरं काही नाही.

दावा फेटाळला गेला. त्या दिवशी बसस्टॉपवर मी बाबांशी कडाकडा भांडले. लोक बघत होते. असं का बोललात, हे मी तीनदा विचारलं. त्यांनी बोटं नसलेला हात खिशात घातला.

"तू वाचून दाखवलं असतंस तरी मी अंगठा दिलाच असता," ते म्हणाले. "अर्जी लिहायला तुला शिकवलं कोणी? मीच ना."

हे ऐकून मला बरं वाटावं अशी त्यांची अपेक्षा होती. मला त्यांचा राग आला. तो अजून गेलेला नाही.