तळलेली मुळाक्षरं

माझ्या मुलीची मुळाक्षरं माझ्या सासऱ्यांनी चहाबरोबर खाल्ली.

तसे नाना वाईट गृहस्थ नाहीत. शहाद्याकडच्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत आयुष्यभर मास्तर होते, आणि निवृत्त झाल्यावरही दिसेल त्याची परीक्षा घेतात. (लग्नाआधी माझीही घेतली होती. पाढ्यांची. एकोणतीसला अडकलो, तरी मुलगी दिली. उपकार!) दिवाळीत ते सुरतेला आले आणि आमच्या पाच वर्षांच्या खुशीसमोर त्यांनी पाटी धरली. खुशीने पाटीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं आणि "मला शू लागली" म्हणून जी पळाली, ती जेवणाच्या वेळेलाच उगवली.

"जावईबापू," नाना म्हणाले, "मी उन्हाळ्यात परत येतो. तोवर अक्षरओळख झाली नसेल, तर पोरीला गावी नेऊन आमच्या शाळेत घालतो."

"चालेल!" माझी बायको मनीषा म्हणाली. शिक्षणाचा विषय निघाला की ती पूर्ण माहेरची होते.

मला मात्र चालणार नव्हतं. आमचं घर सुरतेतल्या भेस्तानला. आजूबाजूला सगळीकडे कापडाचे लूम. लाईट गेली की ती खटखट एकदम थांबते. खुशीशिवाय घर म्हणजे तसलीच शांतता. शिवाय मी घराण्यातला पहिला पदवीधर. वडिलांनी लूमवर उभं राहून पाय सुजवून घेतले, आईने घरी साड्यांना लेस लावली, तेव्हा कुठे मी बी.कॉम. झालो. आणि माझ्या मुलीला 'क' येईना!

मी चित्रांचा तक्ता लावला. तिने अननसाला मिशा काढल्या.

"अननस! यातला पहिला आवाज कोणता, बेटा?"

"कापायचा!"

मार्च उजाडला आणि आई गच्चीवर कुरडया घालायला बसली. खुशी दिवसभर तिथेच. तेव्हा माझ्या सुशिक्षित डोक्यात कल्पना चमकली. (त्या वेळी मला ती चमकच वाटली.) मी सोऱ्याला एका भोकाची चकती लावली, गव्हाचा गरमागरम चीक भरला आणि जुन्या साडीवर सरळ मुळाक्षरं घालायला सुरुवात केली! 'क'ला दोन बोटं भाजली. 'श'पर्यंत दहाही.

"काय करी राहिना रे भाऊ?" आई ओरडली. घरात ती अहिराणीच बोलते. "खावानी वस्तू शे ती!"

"आई, हे शैक्षणिक साहित्य आहे."

आईने कपाळावर हात मारला, पण रोज नातीला घेऊन ती अक्षरं उलटवायला गेली. कावळ्याने 'ज्ञ' पळवला. (जाऊ द्या, त्याचा उच्चार मलाही नीट येत नाही.) मी रोज एकेक अक्षर हातात धरून विचारायचो, "हा कोणता? याच्यापासून काय सुरू होतं?" खुशीच्या तोंडात कायम काहीतरी अर्धवट वाळलेलं असायचं, त्यामुळे उत्तर काही यायचं नाही. शेवटी खडखडीत वाळलेली मुळाक्षरं मी डब्यात भरून माळ्यावर ठेवली. परीक्षेच्या दिवशी तो डबा माझी लाज राखणार होता.

नाना आले. अजून चप्पल काढायची होती, तोच पाटी निघाली.

"हा कोणता, खुशी?"

खुशी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"बरं, हा?"

अंगठा.

नानांनी चष्मा काढला. "मनीषा, पोरीची बॅग भर."

"थांबा नाना! तिची अक्षरं वेगळी आहेत!" मी ओरडलो आणि स्वयंपाकघरात धावलो. डबा ओट्यावर होता. रिकामा! शेजारी कढई, आणि आईच्या हातात ही मोठी परात.

"आई!"

"याही उनात, त्यासले कोरडा चहा देऊ का? तयी टाक्यात!"

व्याह्यांच्या मानासाठी माझी अख्खी मुळाक्षरांची तयारी तेलात गेली होती. फुलून एकेक अक्षर चौपट! 'ट' कुठला, 'ढ' कुठला, काही कळेना. मी परात मुकाट्याने बाहेर नेली. नानांनी चहाचा घोट घेतला, वरचं एक उचललं. कुर्रर्रम!

खुशीने घर डोक्यावर घेतलं. "नानाए मारो 'म' खाई लीधो!" (चिडली की ती गुजरातीत रडते.)

नानांचा घास थांबला. "काय खाल्लं मी?"

"'म'! मम्मीचा 'म'!"

नानांनी सावकाश दुसरी कुरडई उचलली. "मग हा?"

"'भ'. भेस्तानचा."

"हा?"

"'त'. तेलाचा."

"आणि हा 'ध', बरोबर?"

"नाही हो नाना! 'घ'! घराचा! 'ध'च्या डोक्यावर टोपी नसते!"

नाना, म्हणजे चार पिढ्यांना अक्षरं शिकवलेला माणूस, चष्मा पुसायला लागले. मग माझ्याकडे वळले. "जावईबापू, तुम्हीच घातलंय. सांगा, 'ध' की 'घ'?"

मी कुरडई आडवी धरली, उभी धरली, ट्यूबलाईटसमोर धरली. "हा... 'छ' असावा."

आईने पदर तोंडात कोंबला.

"पोर बरोबर आहे," नाना म्हणाले. "'घ'च आहे. मग खुशे, पाटीवरचं का नाही सांगितलंस?"

"पाटी खाता येत नाही ना!"

पोर घरातच राहणार होती. इतकं हलकं मला बी.कॉम.च्या निकालालाही वाटलं नव्हतं. तेवढ्यात नाना पुन्हा म्हणाले, "मनीषा, बॅग भर."

"आता कुणाची?" मी दचकलो.

"तुमची! जूनमध्ये तुम्हालाच घालतो आमच्या शाळेत."

"चालेल!" मनीषा म्हणाली.

माझं ठरलं: पहिलीचा वर्ग, खिडकीजवळची जागा. आणि पाढे एकोणतीसपासून.